तीस वर्षांची मर्सिडीज, घरच्या पोर्चमध्ये

जुन्या आलिशान गाडीचा हिशेब मांडायचा तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी लागते. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. माझी मर्सिडीज ई २५० डिझेल १९९६ ची आहे. नवी असताना या गाड्या २० लाखांच्या वर जायच्या, मला ती पावणेतीन लाखांत मिळाली. पण लोअर आर्म, इंजिन माउंटिंग, ब्रेक डिस्क हा सगळा माल आजही त्या मोठ्या गाडीच्याच भावानं येतो. त्यावर गॅरेजचं लेबर वेगळं. हौसेनं अशी गाडी घेऊन वर्षभरात विकून टाकणारे कितीतरी लोक मी पाहिले. ते पार्टच्या किमतीनं कमी आणि चुकीच्या निदानानं जास्त खचलेले असतात. एक पार्ट बदलला, फरक पडला नाही, दुसरा बदलला, तरी तेच. माझी गाडी टिकली ती बहुतेक कामं मी घरी करायला लागलो म्हणून. त्यात काय केलं, किती पैसे गेले आणि कुठे हात मागे घेतला, ते सांगतो.

हे मॉडेल डब्ल्यू १२४ या नावानं ओळखलं जातं. जर्मनीत ते १९८४ मध्ये आलं. मर्सिडीजनं टेल्कोबरोबर (आजची टाटा मोटर्स) भारतात कंपनी काढली १९९४ साली, आणि १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरी-चिंचवडच्या आवारात हीच गाडी जुळवायला सुरुवात झाली. चाकणचा कारखाना पुढे २००९ मध्ये आला. माझे वडील टेल्कोत टूलरूमला होते आणि आम्ही निगडी प्राधिकरणात राहतो, त्यामुळे या गाडीबद्दल घरात पहिल्यापासून बोलणं व्हायचं. तिच्या दाराचा आवाज, मागच्या चाकांचं पाच दांड्यांचं सस्पेन्शन, एकाच दांडीचा तो वायपर जो फिरता फिरता पुढेमागे सरकत काचेच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो, हे सगळं मी वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. गाडी घेतली ती या ओढीनं. आपल्या गावात जुळवलेली चांगली वस्तू भंगारात जाऊ नये, असं मनापासून वाटत होतं आणि अजून वाटतं.

गाडी आली तेव्हा तिला एक मोठं दुखणं होतं. सकाळी चालू व्हायला फार वेळ घ्यायची. सेल्फ मारत राहायचं, मारत राहायचं, मग एकदाची पेटायची, पांढरा धूर सोडत थरथरायची आणि दोन-तीन मिनिटांनी शांत व्हायची. दिवसभर मग काही तक्रार नाही. एका मोठ्या गॅरेजनं गाडी तपासून मला लेखी एस्टिमेट दिलं: फ्युएल इंजेक्शन पंप खोलून ओव्हरहॉल, पाचही इंजेक्टर नवे, पाचही हीटर प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारे) नवे, शिवाय पुढचं सस्पेन्शन आणि माउंटिंग. बेरीज ३ लाख ८० हजार, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा एक लाख जास्त. त्यातला सगळ्यात जड आकडा पंपाचा होता, आणि पंप खराब आहे हे ठरवायला त्यांनी कोणती तपासणी केली हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

मी तो कागद घेऊन भोसरीला एका डिझेल पंपाच्या लॅबमध्ये गेलो. आयुष्यभर पंप आणि नोझल हाताळलेले मिस्त्री तिथे बसतात. त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "उतारावर लावून बघितली का?"

"म्हणजे कशी?"

"रात्री तोंड उताराकडे करून लावा. टाकी वर, इंजिन खाली. सकाळी एका सेल्फमध्ये पेटली तर डिझेल मागं जातंय, कुठनं तरी एअर धरतीय. तशी लावूनही तेवढाच वेळ घेतला, तर हीटर प्लग बघायचे. पंप नका काढू साहेब. या गाडीचा पंप सहसा जात नाही."

आमच्या गल्लीच्या टोकाला चांगला उतार आहे. तिथे तोंड खाली करून गाडी लावली. सकाळी ती जवळजवळ लगेच पेटली, थरथर आणि धूर मात्र तसाच राहिला. म्हणजे दुखणी दोन होती. एक हवा धरण्याचं, दुसरं एखादा हीटर प्लग मेल्याचं. पंपावर एक रुपयाही खर्च करायची गरज नव्हती.

या गाडीचं बॉनेट सरळ उभं करता येतं. नेहमीच्या टप्प्याच्या पुढे आणखी एक खटका आहे, तो सोडला की बॉनेट काटकोनात उभं राहतं आणि दोन्ही बाजूंनी हात घालायला मोकळी जागा मिळते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार करून गाडी बनवली आहे, हे इथेच समजतं. इंजिन ओएम ६०५, पाच सिलिंडर, २४९७ सीसी. त्यावरचे डिझेलचे पाइप पारदर्शक प्लास्टिकचे आहेत आणि प्रत्येक टोक खटक्यानं बसतं. प्रत्येक टोकात एक ओरिंग, म्हणजे फट बंद करणारी रबराची गोल कडी. फिल्टरच्या डोक्यावर, डिझेल गरम करणाऱ्या थर्मोस्टॅटपाशी, पंपावरच्या शट-ऑफ व्हॉल्वला, सगळीकडे ओरिंग. इंजिन बंद असताना यातली एखादी जरी हवा आत घेऊ लागली, तर पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं.

मुलीला सेल्फ मारायला बसवलं आणि मी टॉर्च घेऊन पाइपांकडे बघत उभा राहिलो. पिवळट पाइपातून आधी बारीक बुडबुड्यांची माळ गेली, मग बोटभर लांबीचा हवेचा तुकडा, मग पुन्हा डिझेल. "बाबा, दिसलं का?" ती आतून विचारत होती. दिसलं होतं. हवा फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या पाइपात येत होती.

पाइप सोडवून ओरिंग टोकदार हूकनं बाहेर काढली. ओरिंग गोल असायला हवी, ही दोन्ही अंगांनी चपटी झाली होती, कडा धारदार, आणि नखानं वाकवल्यावर कट्‌ आवाज करून तुटली. तिच्यात रबराचा गुणच शिल्लक नव्हता. बाकीच्याही थोड्याफार फरकानं तशाच निघाल्या. इंजिनच्या उष्णतेत इतकी वर्षं काढल्यावर हे होणारच. त्यात आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ डिझेल आलं, ज्यात गंधकाचं प्रमाण दहा लाखांत १० भाग इतकं खाली आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले इतर घटकही बदलतात आणि जुनं नायट्राइल रबर आकसायला लागतं. जुन्या डिझेल गाड्यांना अचानक गळती सुरू झाली तर आधी इकडे बघावं.

भोसरी एमआयडीसीत ओरिंग मापावर मिळतात. व्हर्नियरनं आतला व्यास आणि जाडी मोजून यादी नेली. दुकानदारानं विचारलं, नायट्राइल देऊ की व्हायटन? व्हायटन हे दुसऱ्या जातीचं रबर महाग पडतं, पण डिझेल आणि उष्णता दोन्ही सोसतं. सगळ्या ओरिंग व्हायटनच्या घेतल्या, ४६० रुपये झाले. इंजेक्टरना जोडणाऱ्या रिटर्नच्या बारीक, कापडी वेणीच्या नळ्याही तडकल्या होत्या. त्या मीटरवर मिळतात, २५० रुपयांत काम झालं. दोन पाइप टोकापाशी चिरलेले होते, ते मात्र मूळ कंपनीचेच मागवले. त्यांना ५,८०० गेले.

बसवताना ओरिंगला स्वच्छ डिझेल लावायचं आणि पाइप सरळ दाबायचा, तिरका गेला की ओरिंग चिरते. या इंजिनला हातानं मारायचा प्रायमर (डिझेल पुढे ढकलून हवा काढणारा छोटा पंप) नाही. म्हणून नवा फिल्टर आधी डिझेलनं काठोकाठ भरून लावला आणि मग १०-१५ सेकंद सेल्फ, थोडी विश्रांती, पुन्हा सेल्फ असं करत हवा बाहेर काढली. घाई केली तर स्टार्टर जळतो. इंजिन पेटलं, पाइपात बुडबुडा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सपाट पोर्चमध्ये उभी असलेली गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. त्या सकाळचा आनंद काय सांगू! पंपाच्या ओव्हरहॉलला मला सव्वा लाख सांगितले होते, आणि सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आसपास खर्च आला.

हीटर प्लगचं काम याच्या उलट. इथे निदान सोपं, हात घालणं अवघड. वायर काढून मल्टिमीटरनं प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स बघायचा. चांगला प्लग एक ओहमच्या आत दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. तिसरा आणि पाचवा मेलेले होते. हे इंजिन प्री-चेंबरचं आहे, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं, थंडीत प्लगच्या उष्णतेशिवाय त्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट पेटत नाही, म्हणून पाचातले दोन सिलिंडर सकाळी उशिरा जागे होत आणि गाडी थरथरे. पण हे प्लग इनलेट मॅनिफोल्डच्या खाली आहेत. मॅनिफोल्ड काढल्याशिवाय हात पोचत नाही. आणि वर्षानुवर्षं काजळीत रुतलेला प्लग जोर लावला की मानेपाशी तुटतो. तुटला की हेड उतरवायची पाळी येऊ शकते, आणि मग खर्च हजारांतून लाखात जातो.

म्हणून इथे मी खूप सावकाश गेलो. आठवडाभर रोज संध्याकाळी प्लगच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडलं. रोज गाडी चालवून आणली, म्हणजे ते तेल गरम-थंड होताना चरांत उतरतं. मग इंजिन गरम असताना, हातमोजे घालून, मॅनिफोल्ड उतरवला. टॉर्क रेंच ३५ न्यूटन-मीटरवर लावला आणि ठरवलं, रेंचनं खटका दिला की थांबायचं, पुढे जायचं नाही. पाव फेरा सोडायचा, परत आवळायचा, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेरा. चार प्लग तसे निघाले. पाचवा खटक्यालाही हलला नाही. त्याला सोडून दिलं, मॅनिफोल्ड परत जोडला, आणखी आठ दिवस तेल आणि उष्णता दिली, तेव्हा तो कुरकुरत आला. भोकातली काजळी प्लगच्या मापाच्या रीमरला (भोक खरवडून साफ करणारं हत्यार) ग्रीस लावून काढली, कारण ग्रीसला काजळी चिकटून बाहेर येते, सिलिंडरमध्ये पडत नाही. नवे प्लग २० न्यूटन-मीटरवर बसवले. पाच प्लग ७,५०० रुपये, मॅनिफोल्डचं गास्केट १,४००, रीमर १,१००.

हे वाचून कोणाला वाटेल, एवढा वेळ कोणाकडे आहे? बरोबर आहे. घरी काम करणाऱ्याकडे गॅरेजपेक्षा जास्त असं एकच असतं, आणि ते म्हणजे वेळ. गॅरेजला संध्याकाळपर्यंत गाडी बाहेर काढायची असते, तिथे रुतलेल्या प्लगला आठ दिवस तेल पाजत बसणं परवडत नाही. मला परवडतं. जुन्या गाडीची निम्मी कामं धीरानं होतात, आणि त्या धीराचं बिल कोणी लावत नाही.

हत्यारांचा खर्च लोक विसरतात, म्हणून सांगतो. चांगला सॉकेट सेट, छोटा आणि मोठा असे दोन टॉर्क रेंच, ट्रॉली जॅक, चार घोड्या (उचललेली गाडी पेलणारे स्टँड), मल्टिमीटर, व्हर्नियर आणि सुटे ॲलन मिळून जवळपास २९ हजार गेले. काही पाने जुन्या बाजारातून स्वस्तात घेतले, पण घोड्या आणि जॅक नवेच. गाडीखाली जायचं तर घोड्यांवर काटकसर करायची नाही, आणि नुसत्या जॅकवर तर कधीच जायचं नाही, मग काम दोन मिनिटांचं का असेना.

पार्ट मिळवणं ही वेगळीच विद्या आहे. प्रत्येक पार्टवर नंबर असतो, या गाडीचे बरेचसे ए १२४ नं सुरू होतात. नंबर हातात असला की दुकानदाराशी बोलणं बदलतं. मर्सिडीज सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. सस्पेन्शनचे लेमफर्डर, हीटर प्लग बेरू किंवा बॉश, फिल्टर माले, अशा कंपन्या ते पुरवतात आणि तोच माल आपल्या डब्यात अर्ध्या किमतीला विकतात. लेमफर्डरच्या काही पार्टवर तर जिथे मर्सिडीजची चांदणी होती ती जागा घासून काढलेली स्पष्ट दिसते. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस इथे नंबर दाखवला की बरंच मिळतं. काच, दिवे, दाराचे हँडल, आतलं लाकूड असं जुनं सामान कुर्ल्याला बघावं. रबर, ब्रेक आणि स्टिअरिंगचा पार्ट मी जुना कधीच घेत नाही, कितीही स्वस्त असला तरी. परदेशातून मागवायचं तर कुरिअर, कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून भाव काढावा, कारण बाहेर स्वस्त दिसणारा पार्ट घरी पोचेपर्यंत नाना पेठेपेक्षा महाग पडतो, असा अनुभव वारंवार येतो.

बाकीची कामं एकेक करत गेलो. इंजिनची दोन माउंटिंग बसली होती, उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरायचं. ती १३ हजारांत झाली. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांची रबर कपलिंग तडकली होती, गिअर टाकताना खालून ठोका यायचा. ती १० हजार. पुढच्या ब्रेक डिस्क आणि पॅड १२ हजार. इंजिन ऑइल सुमारे ७ लिटर लागतं, फिल्टरसकट साडेपाच हजार. जुनं ऑइल मी कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला देतो, ते त्यांच्या पिंपात जमा करून अधिकृत गोळा करणाऱ्याला देतात. ते गटारात ओतणाऱ्या माणसानं गाडी घरी दुरुस्त करूच नये.

सगळ्यात स्वस्त काम फ्यूजचं झालं. या गाडीत गोळीच्या आकाराचे फ्यूज आहेत आणि त्यांची ॲल्युमिनियमची टोकं काळवंडतात. कधी काच वर जायची नाही, कधी एका बाजूचा दिवा मंद. एका विजेच्या कारागिरानं वायरिंग खोलायला सांगितलं होतं. मी सगळे फ्यूज काढले, पकडी बारीक पॉलिश पेपरनं घासल्या आणि तांब्याच्या पट्टीचे नवे फ्यूज लावले. पाचशे रुपयांच्या आत सगळी वीज ताळ्यावर आली.

काही कामं मात्र मी घरी करत नाही. पुढची स्प्रिंग शॉकअबपासून वेगळी, लोअर आर्म आणि बॉडी यांच्यामध्ये दाबलेली असते. ती काढायला आतून दाबणारा खास कॉम्प्रेसर लागतो, आणि ती सुटली तर माणूस मरू शकतो. लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट मी पार्ट स्वतः आणून एका अनुभवी मिस्त्रींकडून करून घेतले. पार्ट २१ हजार, लेबर ७ हजार. इंजेक्टर काढायचं काम माझं, तपासायचं भोसरीच्या मिस्त्रींचं. त्यांनी प्रत्येकाचा फवारा बघून तीन ठीक ठरवले, दोन नोझल बदलले आणि साडेचार हजार घेतले. गॅरेजच्या कागदावर पाच नवे इंजेक्टर होते. बसवताना खालचे वॉशर नवेच लावायचे, जुने पुन्हा वापरले की दाब गळतो.

गाडी ३० वर्षांच्या घरात आली की आरटीओचाही खर्च धरावा लागतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या नियमानं २० वर्षांवरच्या मोटारीचं नोंदणी नूतनीकरण शुल्क १० हजार झालं, आणि आयात मोटारीला तेच ८० हजार आहे. माझी गाडी इथे पिंपरीत जुळवलेली, त्यामुळे पहिला आकडा लागू होतो. जुनी परदेशी नावाची गाडी घेणाऱ्यानं आरसीवर ती आयात म्हणून नोंदलेली आहे का, हे सौद्याआधीच बघावं. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. पासिंगला नेण्याआधी धुराची तपासणी करून घेतली, आणि हीटर प्लग, नोझल नीट केल्याचा फायदा तिथे लख्ख दिसला.

सगळी बेरीज मी वहीत लिहितो. तारीख, किलोमीटर, पार्टचा नंबर, किंमत आणि कुठून घेतला. हत्यारं धरून दीड वर्षात एक लाख तीस हजारांच्या आसपास गेले. गॅरेजच्या कागदात नसलेली ब्रेक, कपलिंग, ऑइल, फ्यूज ही कामंही त्यात आली, आणि ३ लाख ८० हजारांतलं खरोखर गरजेचं असं काहीही बाकी राहिलं नाही. गाडीत बसून आम्ही गणपतीपुळ्याला जाऊन आलो. वडील मागे बसले होते. वरंधा घाट बंद असल्यानं कुंभार्ली घाटानं उतरलो, आणि त्या खड्ड्यांवरून जाताना ते फक्त एवढंच म्हणाले, "मागचं सस्पेन्शन अजून हलत नाही बघ."

आता वहीत पुढच्या पानावर एसीचा इव्हॅपोरेटर (आतली हवा थंड करणारी जाळी) आहे. गॅस दोन महिन्यांत उतरतो आणि गळती आत, डॅशबोर्डच्या मागे आहे. त्यासाठी आख्खा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो, आणि इतक्या जुन्या प्लास्टिकचे हुक तुटायला वेळ लागत नाही. पार्टचा भाव काढून ठेवला आहे. डॅशबोर्ड मी स्वतः सोडवणार, प्रत्येक स्क्रूची जागा फोटोत टिपून, आणि गॅस भरायला एसीवाल्याला घरी बोलावणार. मार्चचा उन्हाळा चढण्याआधी ते उरकायचं आहे.